दारातली गाडी आणि न दिसणारा शेजारी



आमच्या घरात गेले सहा महिने एकच विषय चालला आहे. आमची जुनी पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून आणखी चार-पाच वर्षे ओढायची, की नवी घ्यायची? आणि नवी घ्यायची तर पेट्रोलची की विजेची? शाळा हिमायतनगरच्या बाजूला, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. घरात आई, आम्ही दोघे आणि दोन मुले. रविवारी मिस्सा, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नांदेड, उन्हाळ्यात लातूरला माहेर. यापलीकडे गाडीला काम नाही, असे आम्हांला वाटत होते.

हा विषय चर्चच्या रविवारच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. हे पान वाचणाऱ्या बहुतेकांच्या दारात गाडी नाही, हे आम्ही जाणतो. कोणी काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून मिस्साला येतात, कोणी एका मोटारसायकलवर तिघे, कोणी पायी. अशा लोकांसमोर आपल्या नव्या गाडीची कथा सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे पंगतीचे वर्णन करण्यासारखे होईल. पण गाडी निवडताना जो प्रश्न आम्हांला अडला, तो हळूहळू गाडीचा राहिलाच नाही. तो शेजाऱ्याचा झाला, आणि शेजारी तर सगळ्यांनाच आहेत.

सुरुवात आईच्या एका वाक्याने झाली. शोरूममधून आणलेली रंगीत पत्रके आम्ही पसरून बसलो होतो. कंपनीच्या कागदावर लहान विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या वर किलोमीटर जाते. प्रत्यक्षात आपल्या रस्त्यांवर, घरची माणसे बसवून, ती दोनशेच्या आसपास जाते. आणि मे महिन्याच्या उन्हात एसी लावला की त्याहूनही कमी, असे ती वापरणारे सांगतात. आम्ही म्हणालो, रोजचे पन्नासच तर आहेत, दोनशे पुष्कळ झाले. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "रोजचं ठीक आहे. पण दारातली गाडी काय आपल्या एकट्याची असते का?"

तिला कोणती रात्र आठवली, ते आम्हांला लगेच कळले. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, मध्यरात्र उलटून गेल्यावर तांड्यावरची माणसे दार वाजवत आली. घरात पहिलटकरीण अडली होती आणि बोलावलेले वाहन अजून वाटेत होते. बाहेर पाऊस धरलेला. आम्ही गाडी काढली. आधी किनवटला गेलो आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर पहाटे नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात. तिथून परत इस्लापूर. त्या एका रात्रीत आणि सकाळी मिळून गाडी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावली. वाटेत एकदा पेट्रोल भरले, पाच मिनिटे गेली. मुलगी झाली. आता ती अंगणवाडीत जाते आणि आम्हांला पाहिले की आईच्या पदराआड लपते.

त्या रात्री आमच्या दारात लहान विजेची गाडी असती, आणि तीही दिवसभर शाळेच्या फेऱ्या करून निम्मी रिकामी, तर? हा प्रश्न आईने विचारला नाही. पण त्या दिवशी पत्रके मिटली गेली, ती महिनाभर कोणी उघडली नाहीत.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत आपण सगळ्यांनी ऐकला आहे. आम्हीही पैशांपासूनच सुरुवात केली. वर्षाला शाळेचे दिवस साधारण दोनशे चाळीस धरले तर बारा हजार किलोमीटर होतात. आमच्या जुन्या गाडीला लिटरमागे सोळा किलोमीटर पडतात, म्हणजे साडेसातशे लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या वर. वर्षाचे पंचाहत्तर हजारांहून अधिक रुपये धूर होऊन जातात. लहान विजेची गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटर गेली असे धरले, तर वर्षाला दोन हजार युनिट लागतील. घरच्या मीटरवर वापर जसा वाढतो, तसा युनिटचा दर वरच्या टप्प्यात जातो, हे लक्षात घेऊनही खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून बराच खाली राहतो. गाडीची किंमत जास्त आहे, पण विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे आणि लहान पेट्रोल गाडीवर तो सप्टेंबर २०२५ मध्ये कमी झाल्यानंतरही अठरा टक्के आहे. आमच्यासारख्या रोज चालवणाऱ्याला काही वर्षांत फरक भरून निघतो. पैशांचा प्रश्न एका संध्याकाळी सुटला.

धुराचा हिशेब मात्र सुटेना.

आम्ही समजत होतो की विजेची गाडी म्हणजे धूर नाही. हिरवी नंबरप्लेट, शांत इंजिन, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लेकरांच्या तोंडावर काळा भपका नाही. हे खरेच आहे, आणि ते लहान नव्हे. पण आपल्या देशात तयार होणाऱ्या दर चार युनिट विजेपैकी जवळपास तीन अजूनही कोळशातून येतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हिशेब मांडते, त्याप्रमाणे एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या दोन हजार युनिटांचे साडेचौदाशे किलोच्या आसपास झाले. पेट्रोलचा एक लिटर जळला की सव्वादोन किलोच्या थोडा वर, म्हणजे आमच्या साडेसातशे लिटरांचे सव्वासतराशे किलो. पेट्रोल जमिनीतून काढणे, शुद्ध करणे, टँकरने आणणे यातला धूर यात धरलेला नाही. धरला तर फरक थोडा वाढतो. दुसऱ्या बाजूने बॅटरी बनवतानाही पुष्कळ इंधन जळते, आणि पहिल्या काही वर्षांचा फायदा त्यातच खर्ची पडतो. एकंदरीत पाहता फायदा आहे, पण पत्रकावरच्या हिरव्या पानांएवढा नाही.

पुढे जमेल तसा तो वाढेल. राज्यात आणि देशात सूर्याची, वाऱ्याची वीज वाढते आहे. म्हणजे आज घेतलेली विजेची गाडी दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होत जाईल, आणि पेट्रोलची आहे तशीच राहील. नॉर्वे देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पण त्यांची वीज बहुतेक सगळी पाण्यापासून होते. आपला सहस्रकुंड कितीही सुंदर असला तरी तो पावसाळ्यापुरता, आणि त्यावर कोणी दिवा लावलेला नाही.

सहस्रकुंडावरून आठवले. तिथून कोसळणारे पैनगंगेचे पाणी पुढे कुठे जाते, असे धाकट्याने विचारले म्हणून आम्ही नकाशा काढला. ती यवतमाळची हद्द धरून पूर्वेला जाते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. आणि तिथेच, चंद्रपूरला, महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र आहे, २९२० मेगावॅटचे. आपल्या तारेत येणारी वीज नेमकी कोणत्या केंद्रातली, हे कोणालाच सांगता येत नाही. सगळी एका जाळ्यात मिसळलेली असते. पण आपल्या गाडीचा धूर कुठे गेला असे विचारले, तर त्याचे एक उत्तर आपल्याच नदीच्या वाटेवर उभे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, त्या यादीत चंद्रपूर बरेच वर होते. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के असते. ती राख कोणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांवर, कोणाच्या कापसावर, कोणाच्या फुप्फुसात बसते.

म्हणजे विजेची गाडी घेऊन आम्ही आपल्या गल्लीतला धूर उचलला आणि तिकडच्या गल्लीत नेऊन ठेवला, असेच ना?

पाण्याचेही तसेच. औष्णिक केंद्राला पाणी फार लागते. चंद्रपूरला ते इरई धरणातून मिळते. आपल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. २०१५ साली परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचे पाणी आणावे लागले. आमच्या माहेरच्या घरी त्या उन्हाळ्यात भांडी घासलेले पाणी झाडाला घालत आणि झाडाखालचे ओले माती-पाणी कोंबड्या पीत. तेव्हापासून त्या घरात विजेचे बटण दाबताना पाण्याचीही आठवण होते.

आणखी एक शेजारी फार लांब आहे. बॅटरीचे काही प्रकार कोबाल्ट या धातूवर चालतात, आणि जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या कित्येक खाणींत माणसे हाताने खणतात, त्यांत मुलेही असतात, हे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी वेळोवेळी जगापुढे आणले आहे. २०२३ च्या जानेवारीअखेर पोप फ्रान्सिस काँगोच्या राजधानीत गेले, तेव्हा त्यांनी त्या देशाच्या खनिज संपत्तीच्या लुटीबद्दल फार कडक शब्द वापरले होते. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विजेच्या गाड्यांत आता लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. तिच्यात कोबाल्ट नसतो आणि ती आपल्या उन्हाळ्यालाही बरी टिकते. शोरूममध्ये आम्ही हाच प्रश्न पहिला विचारला. विक्रेता तरुण होता. त्याने सांगितले, पण सांगून झाल्यावर म्हणाला, "सर, आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, सनरूफ आहे का?"

लोह-फॉस्फेटच्या बॅटरीतही लिथियम असतेच, आणि तेही कुठली तरी जमीन उकरून आणि कुठले तरी पाणी उपसूनच येते. पेट्रोलसाठी झालेल्या लढाया आणि समुद्रात सांडलेले तेल आठवले, तर तो धंदाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. स्वच्छ हातांनी कोणतीच गाडी विकत घेता येत नाही, एवढे आम्हांला कळून चुकले.

मग करायचे काय? अशा वेळी दोन मोह होतात. पहिला मोह म्हणजे, सगळेच मळके तर मग जे स्वस्त आणि सोईचे ते घ्यावे. दुसरा मोह अधिक सभ्य दिसतो: हिरवी नंबरप्लेट लावून आपण आपला वाटा उचलला असे समजावे आणि बाकीच्यांकडे थोडे वरून पाहावे. सदसद्विवेकबुद्धीला गप्प बसवायला दोन्ही उपाय सारखेच चांगले. आम्ही दोघांनी दोन्ही करून पाहिले; एकाने एक, दुसऱ्याने दुसरा.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात नियमशास्त्र जाणणारा माणूस प्रभूला विचारतो की, माझा शेजारी कोण? त्याला खरे तर यादी हवी असते. शेजारी कुठवर धरायचा आणि कुठून सोडायचा, याची रेघ हवी असते. प्रभू त्याला यादी देत नाही, शोमरोन्याची गोष्ट सांगतो. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत आमचे लक्ष या वेळी एका नव्याच गोष्टीकडे गेले. शोमरोन्याजवळ जनावर होते. त्याने जखमी माणसाला त्याच्यावर बसवले, म्हणजे पुढचा रस्ता तो बहुधा पायी चालला असेल. उतारशाळेत दोन दीनार दिले आणि परत येताना आणखी देईन असे सांगितले. त्याचे वाहन त्या दिवशी त्याच्या कामाला आलेच नाही.

याजक आणि लेवी यांच्यापाशी वाहन होते की नाही, ते गोष्टीत सांगितलेले नाही.

आपल्या गावात ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी घडते. ज्याच्या दारात चारचाकी, त्याचे दार रात्री वाजते. सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण, छातीत दुखणे. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली राज्यभर सुरू झाली तेव्हापासून पुष्कळ फरक पडला, पण आपला भाग डोंगर-नाल्यांचा, वस्त्या विखुरलेल्या. शहरातला माणूस विजेच्या गाडीबद्दल विचारतो की, ती एका चार्जिंगमध्ये मला किती लांब नेईल? इस्लापूरला हाच प्रश्न वेगळा होतो: रात्री दोन वाजता ती दुसऱ्याला किती लांब नेईल?

तर असे दोन शेजारी आमच्या समोर उभे राहिले. एक तांड्यावरचा, ज्याचे तोंड ओळखीचे, ज्याची हाक ऐकू येते. दुसरा चंद्रपूरचा, किंवा अजून जन्माला यायचा, ज्याचे तोंड आम्ही कधी पाहणार नाही आणि जो कधी आमचे दार वाजवणार नाही. पहिल्यासाठी पेट्रोल गाडी बरी. दुसऱ्यासाठी विजेची. पाहिलेल्या शेजाऱ्याचा हक्क न पाहिलेल्यापेक्षा मोठा का? आमच्यापैकी एक म्हणे, हो, कारण समोरच्या माणसाला दुसरा कोणी नाही; आपण गाडी काढली नाही तर बाई मरेल. दुसरा म्हणे, न दिसणाऱ्यालाही कोणी नाही, आणि त्याचे नुकसान एका रात्रीचे नव्हे, बारा हजार किलोमीटरांचे आहे, दरवर्षी. हे भांडण आम्ही बरेच दिवस केले. मुले कंटाळून अंगणात जात.

भांडण मिटले असे म्हणता येणार नाही. पण ज्या गोष्टी करता येण्याजोग्या होत्या त्या हळूहळू पुढे आल्या.

पहिली गोष्ट छपरावरची. आपल्याकडे ऊन तेवढे कोणाला कमी पडत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पटलांना ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर तीन किलोवॅटमध्ये वर्षाला चार हजारांच्या वर युनिट होतात. गाडीला दोन हजार, घराला उरलेले. कागदावर आमची गाडी उन्हावर चालणार, कोळशाचे नाव नाही!

पण ही सोयही पूर्ण खरी नाही. दिवसा ऊन असते तेव्हा गाडी शाळेपाशी उभी असते. रात्री गाडी घरी असते तेव्हा ऊन नसते. नेट मीटर असतो म्हणून दिवसा आपण वीज जाळ्यात देतो आणि रात्री तेवढीच घेतो. बिलात शून्य येते. प्रत्यक्षात दिवसा आमच्या उन्हावर कोणाची तरी पिठाची गिरणी चालते आणि रात्री आमची गाडी कोळशावर भरते. यात फसवणूक नाही. गिरणीपुरता तरी कोळसा वाचतो. तरी पण रात्री लागणारा कोळसा दिवसाच्या उन्हाने विझत नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पंपाची वीज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी आली की अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत बारे द्यायला जावे लागते. शेतीला दिवसा सूर्याची वीज देण्याची योजना राज्यात राबवली जात आहे. ती पूर्ण होईपर्यंत आमच्या गाडीने रात्रीच्या विजेवर ताव मारायचा आणि शेजारच्या मळ्यात कोणी बॅटरी हातात घेऊन पंप चालू करायला जायचे, हे चित्र आम्हांला फार बरे वाटले नाही.

म्हणून एकाने ठरवले की शनिवारी सकाळची शाळा, दुपारी गाडी घरी. रविवारी मिस्साहून आले की पुन्हा घरी. त्या दोन दिवसांच्या उन्हात जेवढी भरेल तेवढी भरायची आणि आठवडाभर शक्य तितकी पुरवायची. दुसऱ्याने विचारले, म्हणजे गुरुवार-शुक्रवारी रात्री गाडी जवळजवळ रिकामी? आणि त्याच रात्री दार वाजले तर? पुन्हा तेच दोन शेजारी, आता चार्जिंगच्या बटणापाशी उभे. एकासाठी गाडी उन्हाची वाट पाहत रिकामी ठेवावी, दुसऱ्यासाठी ती रोज रात्री भरावी.

या वेळी आईनेच वाट काढली. जुन्या करारात देवाने लोकांना सांगितले की शेत कापताना कोपरे कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबाचा आणि परक्याचा. आईचे लहानपण शेतात गेले. ज्वारी काढून झाली की मागे बाया सरवा वेचायला येत, आणि तिचे वडील मजुरांना सांगत, फार झाडून नेऊ नका. ती म्हणाली, "तुमच्या बॅटरीचा कोपरा ठेवा की!" म्हणजे निम्मी बॅटरी आमची नव्हेच. ती कधीही निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. तेवढी रात्री भरायची, मग ती कोळशाची असो. उरलेली शनिवार-रविवारच्या उन्हाची. निम्म्या बॅटरीत किनवटला जाऊन परत येता येते. नांदेड मात्र गाठता येत नाही.

नांदेडसाठी गल्लीतल्या जीपवाल्या काकांकडे गेलो. ते डिझेलची जीप भाड्याने चालवतात. त्यांना सगळे समजावून सांगितले, चंद्रपूर वगैरे सोडून. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, रात्री लांबचं असलं तर मला हाक मारा. डिझेल तेवढं तुम्ही टाका." पाव मिनिटात ठरले. सहा महिने घरात बसून आम्ही जे सोडवू पाहत होतो, त्यातले निम्मे दोन घरे सोडून राहणाऱ्या माणसाला विचारले असते तर पहिल्याच दिवशी सुटले असते. मोठी बॅटरी घेऊन, लाखा-दोन लाखांचे जास्तीचे कर्ज काढून, वर्षाकाठी दोन-चार रात्रींसाठी ते सगळे वजन रोज शाळेत वाहून नेण्याचा विचार आम्ही सोडून दिला.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे पत्र लिहिले. त्यात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले आहे. जाण्यायेण्याबद्दलही त्यांनी लिहिले आहे, आणि तिथे त्यांचा भर गाडीच्या जातीवर नाही, तर सार्वजनिक वाहनावर आणि एका गाडीतून अनेकांनी जाण्यावर आहे. पुढे व्हॅटिकनने आपल्या गाड्या २०३० पर्यंत विजेच्या करायचे ठरवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्वतः पोपमहाशयांसाठी विजेची गाडी आली. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी, २१ एप्रिल २०२५ रोजी, ते प्रभूकडे गेले. आपल्या राज्यातही एस.टी.ची पहिली विजेची बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, ज्या मार्गावर १ जून १९४८ ला पहिली एस.टी. धावली होती. ती बस इस्लापूरच्या रस्त्यावर येईल तेव्हा आम्ही गाडी दारात ठेवून तिच्यात बसू. एस.टी.त चढणाऱ्या बाईच्या वाट्याला सवलत येते ती अर्ध्या तिकिटाची. आमच्या वाट्याला येते ती हजारो रुपयांची. गाडी घेऊ शकणाऱ्यालाच मोठी सवलत, हे आम्हांला टोचते. ती आम्ही नाकारणार नाही, खोटे कशाला बोला. पण ती गिळताना घशात अडकते.

म्हणून सवलतीतून वाचणाऱ्या पैशांचे काय, यावर सध्या घरात नवी चर्चा आहे. मोठीचे म्हणणे आहे की शाळेच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्या तीन मुलींना रोज गाडीत घ्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मागच्या बाकावर तीनच बसतात, चौथी आली तर काय, हे तिने अजून सांगितलेले नाही. आम्ही दोघे पुढे, ती मागे, मग जागा दोनच उरतात, हेही तिच्या लक्षात आणून दिले. ती म्हणाली, "मग मी सायकलनं येते." शाळा पंचवीस किलोमीटरवर आहे.

गाडीची नोंदणी गेल्या आठवड्यात केली. रंग पांढरा, उन्हात कमी तापतो म्हणून. छपरावरची पटले पुढच्या महिन्यात बसतील असे सांगितले आहे. जुनी गाडी कोणी घेईपर्यंत दारातच आहे, आणि तिच्या टाकीत किनवटला जाऊन येण्यापुरते पेट्रोल आम्ही ठेवले आहे.